चाकांवरचं घर, नलारबोरचं माळरान

पर्थ ते ॲडलेड. रस्त्यानं २,७०० किलोमीटर. त्यातले १,२०० किलोमीटर असे, की नाव घेण्यासारखं गाव नाही, फुकट मिळेल असं पाणी नाही आणि मोठं रुग्णालय तर दोन टोकांनाच. अशा रस्त्यावर मोटरहोम घेऊन निघायचं तर काय काय शिकावं लागतं? सांगलीच्या एका कुटुंबानं २०२२च्या डिसेंबरात ते आठ दिवसांत शिकून घेतलं. काही हसत, काही जीव मुठीत धरून...

पर्थची शेवटची वस्ती अजून मागे पडली नव्हती. रस्त्यात गोल चौक आला, मुलानं गाडी वळवली आणि मागून धडामधूम आवाज झाला. ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडून मिसळणाचा डबा खाली आला होता. हळद, तिखट, जिरं, मोहरी... गाडीच्या फरशीवर रांगोळी! नातू खिदळायला लागला, सुनेनं कपाळावर हात मारला.

“खिटी लावायची राहिली गं,” आजी म्हणाल्या. “माझंच चुकलं.”

चूक कुणाचीच नव्हती. घरातलं कपाट पळत नाही, त्यामुळे त्याला खिटी लावायची सवय कुणालाच नसते. पण त्या क्षणापासून एक नवं काम निघालं आणि ते आजींनी स्वतःकडे घेतलं. गाडी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कपाट, प्रत्येक खण हातानं ओढून बघायचा, छताची खिडकी बंद आहे ना ते पाहायचं, गॅसच्या सिलिंडरची चावी बंद करायची आणि मग पुढे ओरडून सांगायचं, “हं, चल रे आता!” आठ दिवसांत त्यांनी एकदाही ही प्रदक्षिणा चुकवली नाही. हळदीचा पिवळा डाग मात्र ॲडलेडपर्यंत सोबत होता.

हे कुटुंब काही हौशी भटक्यांचं नव्हे. मुलगा पर्थला नोकरीला. जानेवारीत ॲडलेडला नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. घरसामान ट्रकनं पुढे गेलं होतं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आले होते आणि नातवाची शाळा नुकतीच संपली होती. विमानानं हा प्रवास अवघा तीन तासांचा. पण मुलाच्या मनात नलारबोरचं वेड होतं. सून मात्र धास्तावलेली. कारण सासरे ६८ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. “बाबा, तिथे काही झालं तर?” तिनं विचारलं होतं. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. जन्मभर खांबांवर चढणाऱ्यांची काळजी वाहिलेला माणूस. ते म्हणाले, “काही होईल म्हणून घरी बसायचं असतं तर मी नोकरीच केली नसती.” विषय संपला.

भाड्यानं मिळणारं मोटरहोम म्हणजे एका मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली दीड खोली. ओटा, गॅस, फ्रिज, टेबल-बाकडी (रात्री त्यांचाच पलंग), ड्रायव्हरच्या डोक्यावर आणखी एक पलंग, आणि ज्याला तिथे बाथरूम म्हणतात ती एक उभी पेटी. सहा माणसांची गाडी घ्या म्हणजे पाच माणसं सुखानं राहतात, हा अनुभवी लोकांचा सल्ला त्यांनी मानला, ते बरं केलं. साडेचार टनांपर्यंतच्या वाहनाला ऑस्ट्रेलियात साधा मोटारीचा परवाना चालतो. आपल्याकडून जाणाऱ्या पर्यटकाला इंग्रजीतला भारतीय परवाना दाखवून गाडी चालवता येते, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून नेलेलं बरं. गाडी भाड्यानं देणारे ते मागू शकतात. रस्त्याची डावी बाजू आपलीच, ही आणखी एक सोय.

सोय नसते ती उंचीची आणि शेपटीची. गाडी तीन मीटरहून उंच. पेट्रोल पंपाचं छप्पर, झाडाची आडवी फांदी, मॉलच्या वाहनतळाची कमान, सगळीच शत्रू. आणि मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जो भाग लोंबतो, तो वळताना उलट्या बाजूला झाडूसारखा फिरतो. विम्याच्या कागदांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की छताचं आणि गाडीच्या पोटाखालचं नुकसान पुष्कळदा भरून मिळत नाही. तेव्हा पहिला नियम ठरला: गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरून मागे उभा राहणारच. तो माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी तिथल्या तिथे थांबवायची. सुनेनं हे काम इतकं चोख केलं, की कारवान पार्कमधल्या दोन ऑस्ट्रेलियन आजोबांनी आपल्याही गाड्या तिच्याकडूनच लावून घेतल्या.

पर्थहून पूर्वेला निघालं की ग्रेट ईस्टर्न हायवेच्या कडेनं एक जाडजूड पाइप सोबत धावायला लागतो. नातवानं विचारलं, “आजोबा, यात काय असतं?” त्यात पाणी असतं. पर्थजवळच्या मंडेरिंग धरणातून ५०० किलोमीटरहून लांब, कॅलगुर्लीच्या सोन्याच्या खाणींपर्यंत जाणारं. ही योजना सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याची. वर्तमानपत्रांनी आणि राजकारण्यांनी त्याची इतकी निर्भर्त्सना केली, की मार्च १९०२मध्ये त्यानं आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९०३मध्ये, पाणी कॅलगुर्लीला पोचलं. आजोबांनी गाडी थांबवायला लावली, उतरून त्या पाइपावर हात ठेवला. इंजिनिअर माणूस. बोलले काहीच नाहीत.

दुसरा मुक्काम नॉर्समनला. या गावाला नाव मिळालं ते एका घोड्याचं. १८९४मध्ये त्यानं खुरानं जमीन उकरली आणि सोन्याचा गोळा वर आला, अशी इथली कथा. घोड्याचा पुतळाही आहे. पण प्रवाशाच्या दृष्टीनं नॉर्समनचं महत्त्व वेगळं. इथे रुग्णालय आहे, दुकान आहे, नळाला पाणी आहे. यानंतर हे सगळं एकत्र मिळणार ते थेट सेदुनाला. मध्ये आहेत ती रोडहाऊस. म्हणजे पेट्रोल पंप, खाणावळ, चार खोल्या आणि गाड्या लावायची जागा, असं एकाच छपराखालचं ठाणं. दोन ठाण्यांत कधी ६५ किलोमीटरचं अंतर, तर कधी १९०चं.

इथे बसून बाबांनी पाण्याचा हिशेब मांडला. गाडीच्या टाकीत सव्वाशे लिटर. शॉवर मिनिटाला सात-आठ लिटर पितो. पाच माणसांनी चार-चार मिनिटं अंघोळ केली की टाकी कोरडी! नलारबोरवरच्या रोडहाऊसवाल्यांना पाणी मिळतं ते पावसाचं साठवलेलं किंवा खारं पाणी गोडं केलेलं. ते प्रवाशांच्या टाक्या भरून देत नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही. म्हणून पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये: माणशी दिवसाला पाच लिटर, शिवाय दोन दिवसांची शिल्लक. अंघोळीला शॉवर बंद, बादली-तांब्या चालू. ताटं आधी कागदानं पुसून मग धुवायची. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीला. हे सगळं आजींना कुणी शिकवावं लागलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी भागात त्यांचं माहेर. दुष्काळात पाण्याचा एक हंडा किती जणांना पुरवायचा असतो, हे त्यांनी लहानपणीच पाहिलेलं. सुनेला आणि मुलाला मात्र दोन दिवस लागले.

पाणी भरभरून घ्यावं तर त्याचंही एक गणित आहे. एक लिटर म्हणजे एक किलो. टाकी, कॅन, पाच माणसं, कपडे, तांदळाची पिशवी असं करत वाहनाची वजनाची मर्यादा कधी ओलांडली जाते, कळतही नाही. मग ब्रेक उशिरा लागतात, टायर तापतात. नॉर्समनला सुनेनं दोन बॅगा, एक मिक्सर आणि नातवाची दगडांची पेटी असं सामान काढून पुढे पार्सलनं पाठवलं. मिक्सरसाठी आजी थोड्या हळहळल्या.

नॉर्समनपासून पोर्ट ऑगस्टापर्यंतचा १,६६० किलोमीटरचा रस्ता म्हणजे आयर हायवे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१-४२मध्ये बांधला गेला, पण सगळा डांबरी व्हायला १९७६ उजाडलं. ‘नलारबोर’ हा शब्द लॅटिन: झाड नाही ते. मात्र महामार्गावरून जाणाऱ्याची थोडी निराशाच होते. झाडं असतात! निलगिरीच्या जातीची, तांबूस बुंध्याची, मैलोगणती. खरं उघडंबोडकं पठार उत्तरेला, जिथून रेल्वे जाते. तिथला रूळ सलग ४७८ किलोमीटर सरळ, जगात सर्वांत लांब. महामार्गाला ते पठार नलारबोर रोडहाऊसच्या आसपास जेमतेम स्पर्श करतं.

पहिलं ठाणं बॅलडोनिया. इथे आजोबांचा चेहरा उजळला. कारण रोडहाऊसमधल्या छोट्या संग्रहालयात ठेवली होती... स्कायलॅब! १९७९चा जुलै आठवतो का? अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार, कुठे ते नक्की नाही, म्हणून आपल्याकडे गावोगाव हवा टाइट झाली होती. आजोबा तेव्हा पंचविशीत. “आमच्या गावात लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या. मरायचंच तर जेवून मरू म्हणाले!” ते नातवाला सांगत होते. ती स्कायलॅब शेवटी पडली ती इथे, बॅलडोनिया आणि एस्परन्सच्या परिसरात, आणि कुणालाही काही झालं नाही. एस्परन्सच्या नगरपालिकेनं ‘नासा’ला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. गंमत म्हणून. तो दंड भरला गेला २००९मध्ये, एका अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाच्या श्रोत्यांनी वर्गणी काढून.

बॅलडोनियानंतर थोड्याच अंतरावर तो प्रसिद्ध सरळ रस्ता सुरू होतो. १४६.६ किलोमीटर, एक वळण नाही. ऐकायला गंमत वाटते. चालवताना मात्र हाच रस्ता घातक, कारण झोप. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, उतरून चालायचं, चहा घ्यायचा आणि चालक बदलायचा, हा नियम त्यांनी पाळला. मुलगा आणि सून दोघंही चालवत. वेग ताशी ९० ते ९५. मर्यादा ११०ची आहे, पण उंच गाडीला आडवा वारा ढकलतो आणि समोरून वारा असला तर डिझेल भसाभस जातं. काटा अर्ध्यावर आला की पुढचं ठाणं दिसेल तिथे टाकी भरायची, दर पाहायचा नाही. दर बघून रडू येतंच!

रोड ट्रेन हा आणखी एक धडा. ३५ मीटरहून लांब ट्रक, एकामागे एक डबे जोडलेला. समोरून येऊन गेला की हवेचा असा फटका बसतो, की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. मागून आला तर घाबरून वेग वाढवायचा नाही, एकदम ब्रेकही मारायचा नाही. आपली डावी बाजू धरून सरळ चालत राहायचं, तो जाईल. गाडीत वायरलेस संच असेल तर ४० नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाल्यांशी बोलता येतं. मुलानं एकदा धीर करून “माझ्या मागे आहेस, जा पुढे, रस्ता मोकळा आहे” असं सांगितलं. पलीकडून “थँक्स, मेट” आलं. त्या दोन शब्दांवर मुलाचा दिवसभराचा शीण गेला.

त्या रात्री जे घडलं, ते मात्र गमतीचं नव्हतं.

सरळ रस्त्याच्या कडेला रात्रभर गाडी लावायला परवानगी असलेला एक थांबा होता. फुकट, निर्मनुष्य, वर आकाश चांदण्यांनी खच्चून भरलेलं. रात्र उकाड्याची. छताचे दोन्ही पंखे चालू. मुलाचा लॅपटॉप, दोघांचे फोन चार्जिंगला. आणि संध्याकाळी केलेली आमटी गरम असतानाच फ्रिजमध्ये गेली. फ्रिज चालतो तो गाडीच्या घरगुती बॅटरीवर. ती बॅटरी भरते इंजिन चालू असताना, किंवा कारवान पार्कमध्ये विजेची तार जोडली की. छतावर सोलर पॅनेल होतं. रात्री त्याचा काय उपयोग?

पहाटे साडेतीनला बारीक पी-पी असा आवाज आला. बॅटरी उतरली होती आणि फ्रिज बंद पडला होता. फ्रिजमध्ये सुनेनं तीन डॉलरचा एक छोटा थर्मामीटर ठेवला होता. तो १७ दाखवत होता. आणि त्याच्या शेजारी होता बाबांचा दोन महिन्यांचा इन्सुलिनचा साठा.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. वापरात असलेलं पेन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, पण तेसुद्धा तापमान फार चढलं नाही तर. त्या दिवशी उत्तरेचा वाळवंटी वारा येणार आणि पारा ४२वर जाणार, असा अंदाज होता. साठा गेला तर ऑस्ट्रेलियात नवीन इन्सुलिन घ्यायला तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि डॉक्टर कुठे? मागे नॉर्समनला, नाहीतर पुढे सेदुनाला.

“आत्ताच निघू,” बाबा म्हणाले. इंजिनाची बॅटरी वेगळी असते, त्यामुळे गाडी सुरू होणार होती. पण मुलानं नकार दिला. अंधारात आणि झुंजूमुंजू होताना कांगारू रस्त्यावर येतात. ७०-८० किलोचं जनावर ९०च्या वेगानं काचेवर आदळलं तर पुढचं सांगायलाच नको. गाडी भाड्यानं देणारेही शहराबाहेर रात्री चालवायला बहुधा मनाई करतात. “बाबा, सूर्य वर येईपर्यंत नाही.” बाप-लेकांत दोन मिनिटं शब्दाला शब्द वाढला. आजोबांना सवय होती हुकूम देण्याची. शेवटी आजीच म्हणाल्या, “अहो, तो बरोबर सांगतोय. तुम्ही बसा.”

मग त्यांनी आपलं काम सुरू केलं. इन्सुलिन स्टीलच्या डब्यात, डब्याचं झाकण घट्ट. त्याभोवती सुती पंचा, तो पाण्यानं भिजवलेला, आणि डबा बाहेर वाऱ्याला खुर्चीवर ठेवलेला. माठ गार कसा होतो, तसंच हे. हवा कोरडी असली की ओल्या कपड्यातलं पाणी भराभर उडतं आणि आतली उष्णता घेऊन जातं. दर पंधरा मिनिटांनी पंच्यावर तांब्याभर पाणी. त्या मोजून-मापून ठेवलेल्या पाण्यातलं. थर्मामीटर १९च्या आसपास रेंगाळत राहिला, वर चढला नाही. फ्रीझरमध्ये थोडा बर्फ होता. पण इन्सुलिन बर्फाला चिकटून गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं, म्हणून सुनेनं तो डब्याजवळ येऊ दिला नाही. इंजिन जागेवरच चालू ठेवून बॅटरीत थोडी धुगधुगी आणली. साडेपाचला ऊन चांगलं वर आलं, तशी गाडी निघाली. सातच्या आत केगुनाचं रोडहाऊस. काउंटरवरच्या बाईंनी काही न विचारता डबा आपल्या फ्रिजमध्ये ठेवला, गाडीला विजेची तार जोडून दिली आणि पाच कप चहा पुढे केला. चहाचे पैसे घेतले नाहीत. साठा वाचला. सेदुनाला पोचल्यावर फार्मसिस्टला सगळी हकिगत सांगून खात्रीही करून घेतली.

त्यानंतर बाबांनी सगळी सूत्रं हाती घेतली. जन्मभर वीज मंडळात काढलेल्या माणसानं चाकांवरच्या घरात भारनियमन लागू केलं! एक रात्र फुकटच्या थांब्यावर काढली तर दुसरी विजेच्या जोडणीवर. सूर्यास्तानंतर लॅपटॉप नाही. गरम भांडं फ्रिजमध्ये नाही. पंखा एकच. झोपण्यापूर्वी बॅटरीचा व्होल्ट वहीत लिहायचा. आणि इन्सुलिनसाठी पुढच्या रोडहाऊसमध्ये बर्फाची वेगळी पेटी, मध्ये टॉवेलचा थर देऊन. औषध दोन ठिकाणी वाटून ठेवायचं, हे तर कुठल्याही प्रवासाला लागू.

ज्याचं नाव या महामार्गाला दिलं आहे, त्या एडवर्ड जॉन आयरनं हाच किनारा १८४१मध्ये पायी आणि घोड्यावरून पार केला. फेब्रुवारीत फाउलर्स बेहून निघाला तेव्हा सोबत जॉन बॅक्स्टर आणि तीन आदिवासी तरुण होते. २९ एप्रिलच्या रात्री त्यांतल्या दोघांनी बॅक्स्टरला ठार केलं आणि शिधा घेऊन पळाले. उरले आयर आणि वायली. हा वायली मूळचा ऑल्बनी भागातला. पहाटे गवतावरचं दव स्पंजानं टिपायचं, झाडांच्या मुळ्यांतून पाणी काढायचं, वाळूच्या टेकड्या खणायच्या, असं करत दोघं चालत राहिले. पाणी कुठे लागेल हे आयरला किनाऱ्यावरच्या आदिवासींनी दाखवलं होतं. जूनमध्ये फ्रेंच व्हेलशिकाऱ्यांचं एक जहाज भेटलं, तिथे विसावा घेऊन दोघं जुलैत ऑल्बनीला पोचले. केगुनाच्या बाकड्यावर बसून सून ही गोष्ट मुलाला वाचून दाखवत होती. नातवाला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की रस्त्याला नाव आयरचं आहे, वायलीचं नाही.

केगुनानंतर घड्याळाची गंमत. पर्थ आणि ॲडलेड यांच्या वेळेत उन्हाळ्यात अडीच तासांचा फरक. पण मधल्या काही वस्त्यांनी आपली तिसरीच वेळ पाळलेली आहे, पर्थच्या पुढे पाऊण तास. सरकारी शिक्का नाही, पण रस्त्यावर पाट्या आहेत. दिवसातून दोनदा सुई घेणाऱ्यानं कुठलं घड्याळ मानायचं? आजोबांनी आपलं जुनं एचएमटी मनगटावर पर्थच्या वेळेवरच ठेवलं आणि इंजेक्शन त्यावर घेतलं. ॲडलेडला पोचल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, रोज थोडं थोडं सरकवलं.

रस्त्यावर अधूनमधून पांढरे जाड पट्टे रंगवलेले दिसतात आणि विमानाच्या चित्राची पाटी. आजींना वाटलं, मुलं चेष्टा करताहेत. पण ते खरंच विमानासाठी आहे! १९२८मध्ये जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून सुरू झालेली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवा. कुणाला अपघात झाला, छातीत दुखलं, तर महामार्ग रोखून धरतात आणि विमान रस्त्यावरच उतरतं. मोबाइलला रेंज फक्त ठाण्यांच्या आसपास. म्हणून मुलानं उपग्रहामार्फत संकटाचा संदेश देणारा बीकन सोबत घेतला होता. तो वापरावा लागला नाही. पण ते पट्टे दिसल्यावर सुनेनं पहिल्यांदा सुस्कारा सोडला.

माडुरा या ठाण्यावर आणखी एक नातं निघालं. १८७६पासून इथे घोड्यांची पैदास होई, ती हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेसाठी. युक्लाला १८७७चं तारघर वाळूत गाडलं जातंय, भिंतींचे सांगाडे तेवढे वर. पुढे सरहद्द ओलांडली की समुद्राच्या काठानं बुंडा कडे लागतात. सपाट माळ चालत येतो आणि एकदम संपतो, खाली ६० ते ९० मीटरवर निळा समुद्र. कुठे कठडा, कुठे नाही. आजी गाडीच्या दारातूनच बघत होत्या, नातवाचा हात सोडायला तयार नाहीत. हेड ऑफ बाइटला मे ते ऑक्टोबर या काळात व्हेल पिलं घेऊन येतात. डिसेंबरात समुद्र रिकामा. खरं तर हा प्रवास करायचा तो त्याच महिन्यांत. व्हेल दिसतात आणि इन्सुलिनही सुखात राहतं.

आणखी एक विषय, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. मोटरहोमच्या संडासाची पेटी रोज रिकामी करावी लागते, ठरवून दिलेल्या जागीच. ओट्याचं पाणीही वाटेल तिथे सोडायचं नसतं. हे काम कुणाचं, यावर पहिल्या दिवशी बरीच शांतता पसरली. मग बाबा उठले, रबरी मोजे चढवले आणि म्हणाले, “गाडी तुम्ही चालवता, स्वयंपाक ती करते. मला काहीतरी खातं हवंच ना!” आठही दिवस ते खातं त्यांनी सोडलं नाही. मोजे, पेटीतलं औषध आणि वाऱ्याची दिशा या तीन गोष्टी सांभाळल्या की काही वाटत नाही, असं ते सांगतात. तिसरी सर्वांत महत्त्वाची.

सहाव्या दिवशी पेनाँगच्या पवनचक्क्या मागे टाकून गाडी सेदुनाला आली. इथे पूर्वेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीची तपासणी होते. फळमाशी दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरू नये म्हणून ताजी फळं आणि भाज्या पुढे नेऊ देत नाहीत. (उलट दिशेनं जाणाऱ्यांची झडती सरहद्दीवर, तिथे मधसुद्धा काढून घेतात.) आदल्या संध्याकाळीच आजींनी फ्रिज रिकामा केला होता: टोमॅटोचं सार, मिरच्यांचा शिजवलेला ठेचा, उरलेल्या भाज्यांची एकच मोठी भाजी. शिजवलेलं चालतं. अधिकारी आत आला, फ्रिज पाहिला, कपाटं पाहिली. सगळं स्वच्छ. मग त्याला पलंगाच्या उशाला कागदात गुंडाळलेली एक जुडी दिसली. पर्थच्या शेजारणीनं निघताना अंगणातून तोडून दिलेला कढीपत्ता. ॲडलेडला पहिल्या दिवशीच्या फोडणीला म्हणून आजींनी जपून ठेवलेला.

त्यानं नम्रपणे पिंपाकडे बोट दाखवलं. आजींनी जुडी नाकाशी धरून एकदा वास घेतला आणि टाकून दिली. “लावू रे झाड तिकडे,” मुलाला म्हणाल्या, आणि आत जाऊन सगळ्या खिट्या ओढून बघायला लागल्या. अजून ७७५ किलोमीटर बाकी होते.